मदत हवी आहे : धाकट्या भावासाठी परवडणारे मानसोपचार

नमस्कार. दिवाळीनंतर नोकरी सुटल्यापासून माझा धाकटा भाऊ रात्र रात्र चाळीच्या गॅलरीत बसून असतो. आईने ठेवलेला चहा सकाळी साय धरून तसाच दिसतो. ‘जगून काय करायचे’ असे तो परवा म्हणाला, तेव्हा मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची २०२२ पासूनची ही सेवा विनामूल्य व चोवीस तास असते, आणि त्या रात्री तिचा खरोखर आधार झाला. आता मात्र नियमित उपचार हवेत, आणि खासगी डॉक्टरांची फी आमच्या आठवड्याच्या किराण्याएवढी आहे. मुंबईतल्या केईएम किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कोणी आपल्या माणसाला नेले आहे का? केसपेपरसाठी किती वाजता रांगेत उभे राहावे, आणि ‘वेड्यांचा डॉक्टर’ या शब्दाला बिचकणाऱ्या भावाला तिथवर कसे न्यावे, हे कृपया सांगावे.