परिक्रमा न करता नर्मदेच्या काठाने चालावे का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): आमच्याकडे नळाला पाणी आले की ‘नर्मदा आली’ असे म्हणतात. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी विंध्य चढवून सुमारे ७० किलोमीटरवरून येणारे हे पाणी मी कळायला लागल्यापासून पितो आहे. नदी मात्र महेश्वरच्या घाटावर, तीही सहलीपुरतीच पाहिली, हे पन्नाशीत टोचू लागले आहे. पूर्ण परिक्रमा जमणार नाही, तेवढी श्रद्धाही नाही. अशा माणसाने काठाने चार-पाच दिवस चालणे हे सोंग ठरेल का?

उत्तर १: सोंग कसले? मी ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने, नदी उजव्या हाताला ठेवून, महेश्वरसमोरच्या नावडाटोलीपर्यंत गेलो होतो. डेक्कन कॉलेजच्या संकलियांनी उत्खनन केलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती ती हीच. ज्या घाटावर लहानपणापासून बसलो तो तिथून प्रथमच समोरून दिसला, आणि आजवर आपण नदीकडे केवळ एकाच बाजूने पाहत होतो हे ध्यानात आले. एक सूचना मात्र पाळा: ओंकारेश्वरच्या धरणातून पाणी सोडले की पातळी एकाएकी वाढते, म्हणून पात्रातल्या खडकांवर विसावू नका.

उत्तर २: जरूर जावे, मात्र त्याला परिक्रमा म्हणू नये. परिक्रमावासी नदी ओलांडत नाही. तुम्ही नावडाटोलीहून नावेने महेश्वरला उतरणार. छोटी पण रीतसर प्रदक्षिणा हवी असेल, तर गुजरातेत तिलकवाडा ते रामपुरा या उत्तरवाहिनी पट्ट्यात चैत्रात ती होते, सुमारे २१ किलोमीटरची, आणि तिथे नदी ओलांडणे हा तिचाच भाग आहे.

उत्तर ३: थोडे विषयाला धरूनच विचारतो. आपण वापरून झालेली नर्मदा कुठे जाते? इंदूरमधून वाहणाऱ्या कान्ह नदीत, आणि तिच्यातून उज्जैनजवळ क्षिप्रेत. त्याच क्षिप्रेत २०१४ पासून उज्जैनी गावाजवळ नर्मदेचे ताजे पाणीही सोडतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांजवळून, कान्हच्या काठाने एक सकाळ चालून पाहा. नाक मुठीत धरावे लागेल, पण नदीशी नाते जोडायला निघालेल्याने घरची नदी टाळावी हे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता: आभार. कार्तिकी एकादशीनंतर नावडाटोलीची वाट धरतो. छत्र्यांजवळ या रविवारीच जाईन. नर्मदा सकाळी सहाला येते, ती भरून झाली की.