आमचा कुत्रा भिडू लक्ष्मीपूजनाच्या रात्री पळालाय, समोर दिसला तरी येत नाही, काय करू?

सायली_कोथरूड
काल साडेसातला आई दारात पणत्या लावत होती, जाळीचं दार नुसतं लोटलेलं, आणि कोणीतरी जिन्यातच सुतळी बॉम्ब लावला. भिडू आईच्या पायातून असा सुटला की पणती उलटली आणि साडीवर तेल. गेटपाशी मी पट्टा धरला तर पट्टाच हातात राहिला, मानेवरचे केस जातायत म्हणून मीच सैल केला होता, आता स्वतःलाच शिव्या घालतेय. देशी आहे, तीन वर्षांचा, तांबूस, उजवा कान मोडलेला, शेपटीचं टोक पांढरं. रात्री दोनपर्यंत आम्ही चौघं गांधीभवन, महात्मा सोसायटी सगळीकडे हाका मारत फिरलो. आज सकाळी महात्मा टेकडीवर दिसला, पन्नास फुटांवर, माझ्याकडे बघितलं आणि उलटा वारज्याच्या बाजूला पळाला!! मला ओळखलं नाही का त्याने? रोज माझ्या पलंगावर झोपतो हो. मायक्रोचिप आहे त्याला, तिच्यावरून लोकेशन काढता येतं का?

टेकडीवाला_काका
ताई, आधी हाका मारणं बंद करा. घाबरलेलं कुत्रं नावबिव काही ऐकत नाही, त्या वेळी मागे येणारा प्रत्येक माणूस त्याला शिकारीच वाटतो, त्यात चौघं टॉर्च घेऊन म्हणजे झालंच. परत दिसला तर जागच्या जागी खाली बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, नजर भिडवू नका, काहीतरी खात असल्यासारखं करा. दिवसा तो झुडपात नाहीतर एखाद्या बांधकामात दडून बसणार, पहाटे तीन ते पाच रस्ते शांत असतात तेव्हाच बाहेर पडेल. तुमचा न धुतलेला टीशर्ट आणि त्याचं अंथरूण शेवटचा दिसला तिथे ठेवा. आणि वॉचमन, पेपरवाले, कचरावेचक ताया यांना फोटो दाखवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसते हात जोडलेले येतात.

निनाद७७
सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली होती, साडेसातला जिन्यात बॉम्ब लावणाऱ्याला पोलिसात द्यायला पाहिजे. लोकांना अक्कल नाही.

टेकडीवाला_काका
द्या की, पण कुत्रा मिळाल्यावर. आत्ता सोसायटीत भांडण काढलंत तर गेटवर लक्ष कोण ठेवणार?

डॉक्टरीण_प्राण्यांची
चिपमधून लोकेशन कळत नाही. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, बॅटरी नसतेच, स्कॅनर अगदी अंगाजवळ नेला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. त्यामुळे कोणी त्याला पकडून दवाखान्यात नेलं तरच उपयोग. पण तो नंबर जिथे रजिस्टर केलाय तिथे तुमचा चालू मोबाईल आहे का ते आजच बघा, बरेच जण सिम बदलतात आणि विसरतात. पट्टा नाही म्हणजे लोक त्याला रस्त्यावरचाच समजणार, तेव्हा पोस्टरवर "पट्टा नाही, पकडायला जाऊ नका, फक्त फोन करा" हे मोठ्या अक्षरात लिहा.

मालवणी_माणूस
सुके बोंबील. निखाऱ्यावर भाजायचे, वाऱ्याच्या दिशेने बसून. आमचा टिपू मालवणात चार दिवस गायब होता, पाचव्या दिवशी वासाने आला. पेडिग्री ठेवून काय होणार, त्याला वास तरी आहे का.

सायली_कोथरूड
आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत उकडतात 😭

मालवणी_माणूस
मग घरात नका भाजू, पण भाजा.

सायली_कोथरूड
मिळाला!!! आज पहाटे पावणेपाचला. सविस्तर लिहिते कारण कोणालातरी उपयोग होईल. काल भाऊबीजेला दुपारी एका पेपरवाल्या दादाने सांगितलं की वारज्याच्या बाजूला एका अर्धवट बिल्डिंगच्या तळमजल्यावर तसा कुत्रा बघितलाय. तिथल्या वॉचमनची बायको म्हणाली, दोन दिवस रात्रीची भाकरी टाकते, खातो पण जवळ येत नाही. ओवाळून घेतल्या घेतल्या भाऊ मंडईत जाऊन बोंबील घेऊन आला, मावशींनी त्यांच्या चुलीवर भाजून दिले आणि आम्ही तीनपासून वाळूच्या ढिगाशी बसलो. आधी सात मांजरं आली. मग तो, पोट जमिनीला घासत, पाच पावलं पुढे, चार मागे. मी पाठ करूनच बसले होते, काकांनी सांगितलं म्हणून, पण रडायला येत होतं आणि आवाज काढायचा नाही. अर्ध्या तासाने कोपराला ओलं नाक लागलं. मग एकदम वेड्यासारखा ओरडायला लागला, अख्खी बिल्डिंग जागी झाली. हार्नेस घालूनच उचलला. आता आईच्या पदरावर झोपलाय, कानात गोचीड दिसतेय आणि मागच्या पायावर चावल्यासारखी खूण आहे. रेबीजची लस जूनमध्ये दिलीये, तरी परत द्यावी लागेल?

डॉक्टरीण_प्राण्यांची
हो, लस दिलेली असली तरी चावल्याची शंका असेल तर बूस्टर लगेच, आजच जा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली १५ मिनिटं धुवा, तुमच्या हाताला ओरखडा असेल तर तुम्हीही धुवून डॉक्टरांना दाखवा. खाणं थोडं थोडं द्या, एकदम वाडगाभर नको. गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी येऊ शकतो, तेव्हा सुस्त वाटला किंवा जेवण सोडलं तर रक्त तपासा. आणि तुळशीच्या लग्नाला परत फटाके वाजणार आहेत, तोपर्यंत दोन दारांच्या आत ठेवा.

सायली_कोथरूड
दुपारी दाखवून आणते. आईने जाळीच्या दाराला कडी लावून वर सुतळी बांधलीये. @मालवणी_माणूस उरलेले बोंबील गाडीच्या डिकीत राहिलेत, वास कशाने जातो?

मालवणी_माणूस
नाय जात.