मदत हवी आहे: एफ५०८डेल सीएफटीआरचा 'सी' बँड येत नाही, फोर्स्कोलिनलाही दाद नाही

पिपेटवाली
नमस्कार मंडळी. एचईके२९३ पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) सीएफटीआरचं (पेशीच्या पडद्यातली क्लोराइड वाहिनी, बिघडली की सिस्टिक फायब्रोसिस होतो) प्लाझ्मिड घातलंय, एका ताटलीत मूळ जनुक आणि दुसरीत एफ५०८डेल (५०८वं अमिनो आम्ल गळालेलं). ४८ तासांनी लायसेट करून (पेशी फोडून) ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळलं आणि १० टक्के जेलवर चालवलं. सगळ्या लेनमध्ये वेलच्या तोंडाशीच काळा डाग, खाली जेमतेम फिकट काहीतरी. एफ५०८डेलला ३ मायक्रोमोलर लुमाकाफ्टर (प्रथिनाची घडी सुधारणारं औषध) २४ तास दिलं तरी 'सी' बँड (साखर पक्की झालेलं, तयार प्रथिन) नाही. आयोडाइड चाचणीतही (वायएफपी हे चमकणारं प्रथिन, वाहिनीतून आयोडाइड आत आलं की विझतं; वाहिनी उघडायला १० मायक्रोमोलर फोर्स्कोलिन) एफ५०८डेलची चमक उतरत नाही. औषध खराब झालं असेल का?

जेलबहाद्दर
औषधाला दोष देण्याआधी उकळणं थांबवा. सीएफटीआर १४८० अमिनो आम्लांचं आहे आणि पडद्यातून १२ वेळा आरपार जातं. ९५ अंशांना हे पाणीद्वेष्टे भाग एकमेकांना चिकटतात आणि गोळा जेलमध्ये शिरतच नाही. तुमचा काळा डाग म्हणजे तो गोळा. सॅम्पल बफरमध्ये ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा, पुरे. उकळायचं ते चहाला.

जेल ६ किंवा ७.५ टक्क्यांचं घ्या. 'बी' (अजून कच्चं प्रथिन) साधारण १५० आणि 'सी' १७०–१८० किलोडाल्टनला येतो. १० टक्क्यांत दोन्ही वर दाटीवाटीने अडकतात. ट्रान्सफर (जेलमधून पडद्यावर प्रथिन नेणं) ओला, रात्रभर, ३० व्होल्ट, ४ अंशांवर. मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के ठेवा, नाहीतर एवढं मोठं प्रथिन जेलमध्येच बसून राहतं.

आणि प्लाझ्मिड एकदा सिक्वेन्स करून घ्या. सीटीटी हे तीन बेस ५०७ आणि ५०८च्या सांध्यावरून गेलेले दिसले पाहिजेत. ५०७चा एटीसी बदलून एटीटी दिसेल, त्याने दचकू नका, आयसोल्युसिन कायम राहतं.

आयनवाहक
वाहिनी पडद्यापर्यंत पोचली का हा एक प्रश्न, आणि पोचलेली उघडते का हा दुसरा. तुम्ही दोन्हींची उत्तरं एकाच चाचणीत शोधताय.

फोर्स्कोलिनने सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेए हे एन्झाइम जागं होतं, ते सीएफटीआरच्या 'आर' डोमेनवर फॉस्फेट लावतं, आणि मग दोन्ही एनबीडींवर (एटीपी धरणारे भाग) एटीपी बसलं की दार उघडतं. पण एफ५०८डेल आधी ईआरमध्येच (प्रथिनं घडवणारा पेशीतला भाग) पकडून प्रोटिअॅसोमकडे (प्रथिनं तोडणारं यंत्र) धाडलं जातं. लुमाकाफ्टरने थोडं सुटून वर आलं तरी ते उघडायला आळशी असतं. म्हणून फोर्स्कोलिनसोबत १ मायक्रोमोलर इव्हाकाफ्टर (वाहिनी जास्त उघडी ठेवणारं औषध) द्या, आयोडाइडच्या १५ मिनिटं आधी. २४ तास नको. लुमाकाफ्टरने वर आणलेलं एफ५०८डेल दीर्घकाळ इव्हाकाफ्टरमध्ये ठेवलं तर अस्थिर होतं. एका वेलमध्ये १० मायक्रोमोलर सीएफटीआरइन्ह-१७२ (सीएफटीआर बंद करणारं रसायन) घाला. त्याने चमकेची घट थांबली तरच ती सीएफटीआरची.

मूळ जनुकाच्या पेशींत चमक उतरते का? ते लिहिलंच नाहीत.

पिपेटवाली
उतरते, झपाट्याने. म्हणजे चाचणी ठीक असावी. ३७ अंशांचं करून पाहिलं: मूळ जनुकाला दोन बँड स्वच्छ, एफ५०८डेलला फक्त खालचा. लुमाकाफ्टरच्या लेनमध्ये वर अगदी पुसट सावली आहे. ती 'सी' मानू का?

जेलबहाद्दर
सावलीवर विश्वास नको. दोन गोष्टी करा. एक, औषध न देता एफ५०८डेलची ताटली २७ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. थंडीत घडी बरी बसते आणि काही प्रथिन वर जातं. इथे 'सी' आला आणि लुमाकाफ्टरला नाही, तर औषधावर संशय घ्या. मात्र ताटली परत ३७ अंशांवर ठेवून मग लाइज करू नका, वर गेलेलं काही तासांत ओसरतं. थेट बर्फावर.

दोन, लायसेटचे तीन भाग करा: एक नुसता, एक एंडो एच, एक पीएनजीएझ एफ (दोन्ही साखर कापणारी एन्झाइमं). 'बी'वर ईआरमधली कच्ची साखर असते, ती एंडो एचने निघते आणि बँड खाली येतो. 'सी'ची साखर गॉल्जीत पक्की झालेली, तिला एंडो एच काही करत नाही. पीएनजीएझ एफने मात्र दोन्ही खाली येतात. सावली एंडो एचला टिकली आणि पीएनजीएझने खाली आली, तर ती 'सी'.

आयनवाहक
त्यात एक खोच आहे. किटच्या कागदावर एन्झाइमआधी १०० अंशांवर १० मिनिटं तापवा असं असतं. तेवढी पायरी गाळा, नाहीतर पुन्हा तोच काळा डाग. लायसिस बफरमध्ये एसडीएस (कडक डिटर्जंट) असेल तर एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) एक टक्का घालायला विसरू नका. एसडीएस पीएनजीएझला मारतं.

पिपेटवाली
कागदावर १०० अंशच लिहिलंय! आज २७ अंशांची ताटली लावते. इनक्युबेटरला कार्बन डायऑक्साइडची जोडणी नाही, चालेल?

जेलबहाद्दर
माध्यमात २० मिलिमोलर हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारा बफर) घाला आणि झाकण घट्ट असलेला फ्लास्क वापरा, ताटली नको.