जुन्या ब्रिटिश कॉमेडी मालिका, साध्या माणसांच्या: बाबांसोबत बघायला कुठल्या?

नेरूळ_पूर्व
नमस्कार मंडळी. बाबा रिटायर झाल्यापासून दुपारी टीव्हीसमोर बसतात पण काही लावलं तरी पाच मिनिटांत रिमोट खाली ठेवतात, सगळीकडे तीच कारस्थानं आणि तेच ढँण ढँण म्युझिक. परवा मी यस मिनिस्टरचा, त्या मंत्री आणि त्याच्या सचिवाच्या मालिकेचा, एक भाग लावून दिला तर इतके हसले की आई ओट्यावरचं काम टाकून बघायला आली. दूरदर्शनवर लागायची तेव्हा ते चुकवायचे नाहीत म्हणे, मला हे माहीतच नव्हतं. तो सचिव सर हम्फ्री ते लांबलचक वाक्य सुरू करतो ना, तेव्हा बाबा त्याच्या आधीच मान हलवायला लागतात, आयुष्यभर सरकारी फायली बघितल्यात त्यांनी.

आता मला त्यांच्यासोबत बसून अशाच जुन्या ब्रिटिश मालिका बघायच्यात पण मंत्री-सचिव नको, घर, शेजारी, दुकान, नवरा-बायको असं रोजचं काहीतरी हवं. आणि एक खरंच विचारायचंय, कुठलं इंग्लंड, कुठलं १९७५ साल, तरी ही माणसं आपल्या बिल्डिंगमधली का वाटतात?

घंटाळीकर
द गुड लाइफ. डोळे झाकून. १९७५ ते ७८, बीबीसी. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये टॉम आणि बार्बरा राहतात, टॉम कॉर्नफ्लेक्ससारख्या पाकिटांतून मिळणारी प्लॅस्टिकची खेळणी डिझाइन करतो, चाळिसाव्या वाढदिवसाला त्याला वाटतं हे काय करतोय मी, नोकरी सोडतो आणि बंगल्याच्या बागेतच भाजीपाला, डुकरं, कोंबड्या, एक बकरी. शेजारी जेरी आणि मार्गो, एकदम प्रतिष्ठित, आणि शेजारी चिखल. बस्स, एवढीच गोष्ट आहे.

त्यातला ख्रिसमसचा भाग नक्की बघा. मार्गोने नऊ फुटांचं झाड मागवलेलं असतं, ते अर्धा इंच कमी भरतं म्हणून ती घ्यायलाच तयार नाही, आणि त्याच गाडीतून तिचा सगळा ख्रिसमस आलेला असतो, जेवण, दारू, सजावट, तोही परत जातो. मग ती आणि जेरी टॉमकडे येतात, तिथे वर्तमानपत्राच्या टोप्या. मार्गोला कुणी दुष्ट दाखवलेलं नाही हो, तिला विनोद कळत नाही आणि ते तिला स्वतःला लागतं, पेनेलोपी कीथने हे इतकं सुंदर केलंय की हसता हसता तिच्याबद्दल माया वाटते.

आणि बार्बरा म्हणजे फेलिसिटी केंडल, जेनिफर केंडलची धाकटी बहीण, म्हणजे शशी कपूरची मेहुणी. लहानपण सगळं वडिलांच्या नाटक कंपनीबरोबर भारतात फिरण्यात गेलं. बाबांना आधी हे सांगा, मग बघतीलच.

ऐरोलीकर
ओपन ऑल अवर्स कुणी सांगितली नाही म्हणून लिहितोय. आमचं किराणा दुकान होतं, मी गल्ल्यावर बसून मोठा झालो, त्यामुळे माझा जीव त्यात जास्त आहे हे मान्य. रॉनी बार्करचा आर्कराइट, पक्का चिक्कू दुकानदार, आणि त्याचा भाचा ग्रॅनव्हिल म्हणजे डेव्हिड जेसन. त्या गल्ल्याचा ड्रॉवर असा खाडकन बंद होतो की दर वेळी बोटं जातील असं वाटतं, आर्कराइट स्वतःसुद्धा त्याला घाबरून हात घालतो. समोर राहणाऱ्या नर्सवर त्याचं प्रेम, पण दुकान बंद करून तिच्याकडे जाणं काही जमत नाही, गिऱ्हाईक सुटेल ना.

मला सगळ्यात आवडतो तो शेवट. रात्र झालेली, आर्कराइट फुटपाथवर मांडलेला माल एकेक करून आत घेतोय आणि दिवसभराचं स्वतःशी बोलतोय. माझे काकाही शटर ओढायच्या आधी असेच पुटपुटायचे, कोणाची उधारी, कोण आज आलं नाही. लिहिणारा रॉय क्लार्क, त्याचीच कीपिंग अप अपीअरन्सेस (१९९० ते ९५), ती पण घ्या. त्यात शेजारीण एलिझाबेथ चहाला आली की हायसिंथ, म्हणजे मालिकेतली मुख्य बाई, तिच्या हातात उंची चिनी मातीचा कप देते, वर तो किती भारी आहे तेही ऐकवते, आणि बिचारीचे हात थरथरायला लागतात.

घोडबंदर_रोड
माइंड युअर लँग्वेज, ती परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गाची, नका सुचवू कृपया, अजून कुणी सुचवली नाही पण सुचवतीलच, आपल्याकडे सगळ्यांची लाडकी आहे. मीही लहानपणी लोळून हसलोय, पण आता बघवत नाही, प्रत्येक देशाचा एकच साचा, सरदारजी आला की एक जोक, इटालियन आला की दुसरा. तिकडेही १९७९ मध्ये ह्याच कारणावरून बंद केली होती.

मार्गो किंवा आर्कराइटला हसताना आपण एका माणसाला हसतो, अख्ख्या जमातीला नाही, फरक तिथे आहे असं मला वाटतं. दुसरं म्हणजे लिखाण. फॉल्टी टॉवर्सचे दोन सीझन मिळून फक्त १२ भाग, आणि दोन्हींमध्ये चार वर्षांचं अंतर, १९७५ आणि १९७९. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ दोघांनीच बसून लिहिलेले. एका भागात पहिल्या पाच मिनिटांत ठेवलेली वस्तू शेवटी येऊन हॉटेलवाल्या बेसिलच्या डोक्यावर आदळते, मधे सगळं घट्ट विणलेलं. आपल्याकडे रोज एक भाग पाडायचा असतो, लेखकाला श्वास घ्यायला वेळ नाही, मग विनोद येणार कुठून?

तलावपाळी
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण मुलांनो, ही माणसं आपली का वाटतात ते विचारलंय तर माझं मत लिहिते. आपणही ह्याच पद्धतीच्या विनोदावर वाढलो आहोत. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव लागायचा तेव्हा आमच्या नौपाड्याच्या चाळीत टीव्ही एका घरी आणि प्रेक्षक तिन्ही मजल्यांचे. मध्यमवर्गीय माणूस, तुटपुंजा पगार, चारचौघांत मान राखायची धडपड, ह्यापलीकडे त्यात काय होतं? आर्कराइट आणि चिमणराव एका बाकावर बसून चहा पितील. आणि आपले पुलं तर बीबीसीत टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायलाच गेले होते, अपूर्वाई त्याच प्रवासातलं. माणसाच्या सवयींकडे प्रेमाने बघत बसायचं, त्याला सुधारायला जायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या, मागून ऐकू येतं ते हसणं म्हणजे वरून लावलेली रेकॉर्ड नाही, बहुतेक भाग स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर झालेत. म्हणून नट हशा संपेपर्यंत थांबतो, गडकरी रंगायतनला नाटक बघताना होतं तसंच.

नेरूळ_पूर्व
तलावपाळी काकू, बाबांना तुमचं वाचून दाखवलं, ते लगेच चिमणरावाच्या गुंड्याभाऊवर सुरू झाले. घोडबंदरदादा, मुद्दा पटला. घंटाळीकर, आज द गुड लाइफच लावतोय, पहिल्यापासून बघू का सरळ ख्रिसमस? आणि इंग्लिश सबटायटल लागतीलच, उच्चार आईला जड जातात.

घंटाळीकर
पहिल्यापासूनच. फक्त पहिल्या भागात मार्गो दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो, तेवढ्यावरून मत बनवू नका. ख्रिसमसचा भाग तिची ओळख झाल्यावरच, नाहीतर त्या अर्ध्या इंचाची मजा जाईल. सबटायटल लावाच, मीही लावतो.