सरकारी साईटवर सट्ट्याची लिंक आणि दोष म्हणे क्लिक करणाऱ्याचा!

भीमथडी:
काल एका सदस्यानं लिहिलं: ‘सरकारी साईटवर सट्ट्याची लिंक निघाली म्हणून एवढा गहजब कशाला? कुणाची माहिती गेली नाही, पैसे गेले नाहीत. ज्याला खेळायचं तो खेळणारच. दोष क्लिक करणाऱ्याचा.’ दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मे २०२४ मध्ये टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साईटनं बातमी दिली होती. बिहार, गोवा, कर्नाटक, केरळ, मिझोराम, तेलंगण अशा राज्यांच्या सरकारी साईटवरच्या चार डझनांच्या आसपास लिंक माणसाला सट्ट्याच्या साईटवर नेऊन सोडत होत्या. त्यांत राज्य पोलिसांच्या आणि मालमत्ता कराच्या साईटही होत्या. घरपट्टी बघायला आलेला माणूस क्रिकेटच्या सट्ट्यावर पोचतो, यात त्याचा दोष कुठला?

हे होतं कसं तेही सांगतो. घुसणारा मुखपृष्ठाला हात लावत नाही. अपलोडच्या एखाद्या विसरलेल्या फोल्डरात तो ढिगानं पानं टाकून ठेवतो. कार्यालयातल्या माणसानं साईट उघडली की त्याला नेहमीच्या निविदा आणि मंत्र्यांचे फोटो दिसतात. गूगलचा बॉट, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, आला की त्याला सट्ट्याचं पान दाखवलं जातं. शोधातून मोबाइलवर आलेला माणूस थेट सट्टेवाल्याच्या दारात. म्हणूनच कार्यालयाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. सरकारी साईटची शोधात आधीच पत असते, त्यामुळे ते पान वर येतं. सट्टेवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

‘माहिती गेली नाही’ हे कुणी तपासलं? ज्याला सर्व्हरवर फाईल ठेवता येते, त्याला तिथल्या फाईली वाचताही येऊ शकतात.

स्पष्टवक्ता७१:
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्रीचा मटका चालायचा तेव्हा कुठली वेबसाईट होती? कुठलं गूगल होतं? १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा तेव्हाही होता. आकडा लावणारा पानाच्या टपरीवर जाऊन लावत होता. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या फाटकावर उभ्या राहायच्या, नवऱ्याच्या हातातलं पाकीट आधी आपल्या हातात यावं म्हणून. त्या काळी कुणी सर्व्हरला दोष दिला नाही. माणसानं स्वतःवर ताबा ठेवायचा असतो, हे बोलायचीही आता चोरी झाली आहे.

आवकजावक:
मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. गाव सांगत नाही. आमची साईट माझ्याकडे आहे, कारण काय तर मला युनिकोडमध्ये टायपिंग येतं! एवढीच पात्रता. साईट बनवणाऱ्या व्हेंडरचा करार केव्हाच संपला. पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो नोकरी सोडून गेला. देखभालीसाठी टिपणी टाकली की लेखा विभाग विचारतो, साईट चालू आहे ना, मग खर्च कशाला? निविदा काढली की सर्वांत कमी दरवाल्याला काम, आणि त्या दरात तो सहा महिन्यांत फोन उचलायचा बंद होतो. वर जन्म-मृत्यू दाखले, निवडणुकीचं काम, घरपट्टीची वसुली. तुम्ही पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकताय. शिव्या द्यायच्या तर हॅकरला द्या.

रात्रपाळी:
आवकजावक, तुमचा राग समजतो, पण सगळं मनुष्यबळावर ढकलू नका. मी सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो. यातला मोठा भाग फुकटात टळण्यासारखा आहे. एखादा महोत्सव, एखादं अभियान, एखादी भरती यांसाठी सबडोमेन, म्हणजे मूळ साईटच्या पत्त्याखालचा वेगळा पत्ता, काढलं जातं. कार्यक्रम संपतो, भाड्याचा सर्व्हर सोडला जातो, पण डीएनएसमधली, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणाऱ्या वहीतली, नोंद तशीच राहते. मग ती सोडलेली जागा दुसरा कुणीतरी आपल्या नावावर घेतो आणि सरकारी पत्ता आयता त्याच्या हातात पडतो. इथं काही फोडावंही लागत नाही. ती नोंद पुसायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं म्हणजे तक्रारीसाठी किंवा अर्जासाठी ठेवलेलं अपलोडचं पान. लॉगिन नाही, तपासणी नाही, कुणीही पीडीएफ टाकावी आणि ती सरकारी पत्त्यावर जगाला दिसावी.

आणि नियम नाहीत असं नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. साईटमध्ये घुसून बाहेरच्या साईटच्या लिंक टाकणं हा प्रकार त्यातल्या कळवायच्या घटनांच्या यादीत चक्क लिहिलेला आहे.

आवकजावक:
‘कळल्यापासून’ ६ तास. इथं कळतच नाही, हे भीमथडींनीच वर सांगितलंय ना?

जकार्तावासी:
मी इंडोनेशियात नोकरीला आहे. इथं हा रोग आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पसरलेला आहे. स्थानिक सरकारांच्या आणि विद्यापीठांच्या साईटवर ‘स्लॉट गाचोर’ची (भरपूर पैसे देणारा म्हणून खपवला जाणारा ऑनलाइन जुगार) पानं सापडणं ही इथं रोजची बाब. सरकारनं साईट बंद करण्याची मोहीम उघडली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी इंटरनेटवर देखरेख ठेवणाऱ्या संचार आणि डिजिटल मंत्रालयातलेच कर्मचारी पकडले. ज्यांनी जुगाराच्या साईट बंद करायच्या, तेच पैसे घेऊन काही साईट वाचवत होते. पोलिसांनी सांगितलेला हिशेब सुमारे १,००० साईटचा होता, प्रत्येकीमागे ८५ लाख रुपिया (इथलं चलन, आपले रुपये नव्हेत). कुंपणच शेत खात होतं. म्हणून ‘नियम आहेत’ एवढ्यावर मी तरी विसंबणार नाही.

पणजीकर:
आमच्या राज्याचं नाव वर आलंच आहे तर बोलतो. गोव्यात मांडवीत कॅसिनोच्या बोटी सरकारी परवान्यानं उभ्या आहेत. २०२० पासून गोंयकारांना आत जायला बंदी आहे, बाहेरच्यांना मोकळं रान. महाराष्ट्रातून दर शनिवार-रविवारी गाड्या भरून येतात त्या काय मंगेशीच्या दर्शनालाच? जुगार सरकारला चालतो, फक्त कर मिळाला पाहिजे. मग सरकारी साईटवर जुगार दिसला तर एवढा धक्का का बसतो?

स्पष्टवक्ता७१:
पणजीकर, पूर्ण सहमत. आणि महाराष्ट्रानं साळसूदपणाचा आव आणू नये. आमच्या सरकारनं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला, कधी लागू केला नाही, २०२३ मध्ये रद्द केला. राज्य लॉटरी तर १९६९ पासून आहे. तिकिटावर राज्याचं नाव छापायचं आणि लोकांना संयम शिकवायचा!

भीमथडी:
विषय भरकटतोय. लॉटरीच्या तिकिटामागे कायदा आहे, सोडत आहे, बक्षीस मिळालं नाही तर जाब विचारायला एक कार्यालय आहे. सट्टेवाल्याच्या साईटला यातलं काहीच नाही.

पणजीकर:
भरकटत नाही. जुगार वाईट की फक्त विनापरवाना जुगार वाईट, हे आधी ठरवा.

भीमथडी:
मला विचाराल तर दोन्ही वाईट. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे संसदेनंही दोष खेळवणाऱ्यावर ठेवला, स्पष्टवक्ते साहेब.

स्पष्टवक्ता७१:
संसद काय म्हणते ते मला शिकवू नका. तुमच्या पिढीला प्रत्येक व्यसनासाठी दुसरा कुणीतरी दोषी हवा असतो.

कृष्णाकाठची:
काका, आता माझं ऐका. माझा धाकटा भाऊ सट्ट्यात अडकला. उसाचं बिल जमा झालं की चार दिवसांत खातं रिकामं. मी त्याला म्हटलं, हे बेकायदा आहे, पोलीस घेऊन जातील. त्यानं मला मोबाइल दाखवला. शोधाच्या यादीत वरच सरकारी पत्ता होता, खाली त्या ॲपचं नाव. म्हणाला, ‘ताई, सरकारच्या साईटवर आहे, बेकायदा असतं तर इथं असतं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईला तर पूर्ण पटलं, तिनं मलाच गप्प केलं. त्याला रोखायला माझ्याकडे कायद्याचा धाक तेवढा होता, तोही त्या पत्त्यानं काढून घेतला. त्याचा दोष आहेच, मी त्याला पाठीशी घालत नाही. पण ‘पैसे गेले नाहीत’ असं यापुढे लिहू नका. आमचे गेले.

स्पष्टवक्ता७१:
ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. ‘पैसे गेले नाहीत’ हे विधान मागे घेतो. माणसाच्या जबाबदारीबद्दलचं घेत नाही.

रात्रपाळी:
कृष्णाकाठची, ती लिंक अजून असेल तर पूर्ण पत्त्याचा स्क्रीनशॉट काढून सर्ट-इनला ईमेल करा. ज्या खात्याची साईट आहे त्यालाही पाठवा. साईटच्या पत्त्यापुरता शोध मर्यादित करून त्यात ‘सट्टा’, ‘बेटिंग’, ‘स्लॉट’ हे शब्द टाकले की दडवलेली पानं बहुतेक वेळा बाहेर येतात. आवकजावक, हे तुम्हालाही दर सोमवारी करता येईल. त्याला निविदा लागत नाही.

आवकजावक:
करून पाहिलं. काय सापडलं ते इथं लिहिणार नाही. सकाळी मुख्याधिकाऱ्यांना दाखवतो.

जुनी सबडोमेन बंद करा, हेही मान्य. पण नोंद काढण्याच्या पत्रावर सही कोण करणार? अभियान एका विभागाचं, पैसे दुसऱ्याचे, पत्ता तिसऱ्याकडून मिळालेला. मी टिपणी तयार केली की ती या तीन टेबलांवर फिरत राहते.

भीमथडी:
पत्ता मागताना ज्या कार्यालयप्रमुखानं अर्जावर सही केली, त्यानंच. तो बदलून गेला असेल तर आज त्याच्या खुर्चीवर जो बसलाय त्यानं. टिपणीत तसं नाव घालून लिहा, ‘संबंधित विभाग’ असं मोघम लिहू नका.

आवकजावक:
नाव घालून लिहिलं तर माझी बदली होईल. तरी लिहितो.