जुन्या पेपरमधल्या कॅथोड पावडरचा अंगभूत गुणधर्म कसा सिद्ध करायचा?

प्रायरआर्टवाली: पुण्यात बसून अमेरिकेतल्या वकिलांसाठी प्रायर आर्ट, म्हणजे पेटंटच्या आधीच प्रसिद्ध झालेली माहिती, शोधते. आत्ता जास्त निकेलवाल्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी कॅथोडचं पेटंट हातात आहे, इंटर पार्टेस रिव्ह्यूसाठी, म्हणजे मिळालेल्या पेटंटला पेटंट ऑफिसात आव्हान द्यायला. क्लेममध्ये (पेटंटनं मागितलेल्या हक्कात) बीईटी पृष्ठफळ, म्हणजे वायू शोषवून मोजलेलं, ०.३ ते ०.८ चौरस मीटर प्रति ग्रॅम. मला जुना पेपर सापडलाय: तेच मिश्रण, ऑक्सिजनमध्ये भाजलेलं, सरासरी कण १० मायक्रॉन. पृष्ठफळाचा उल्लेखच नाही, पण ते त्या पावडरीत असणारच, म्हणजे अंगभूत आहे, असं दाखवायचंय. कणाच्या मापावरून गणित मांडून चालेल का?

नवशिका_एजंट: १९७७ चा ‘इन रे बेस्ट’ निकाल लावा ना. पदार्थ तोच दिसला की फरक दाखवायचं काम पेटंटवाल्याचं.

भट्टीवाला: तो नियम अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाच्या कामाचा. रिव्ह्यूमध्ये ओझं आव्हान देणाऱ्याच्याच डोक्यावर, शेवटपर्यंत.

आणि ताई, गणित करून बघाच. १० मायक्रॉनचा गुळगुळीत गोळा, घनता ४.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर येतात ०.१३. म्हणजे क्लेमच्या खाली! खरा कण राजगिऱ्याच्या लाडवासारखा असतो, दाण्यांमधल्या फटीही मोजल्या जातात. तेव्हा पेपरमधली कृती जशीच्या तशी करून मोजायला लागेल.

मी एकदा यातच आपटलोय. पेपरात ‘पाण्याने धुऊन वाळवले’ एवढंच होतं. मी एकाच प्रमाणात धुतलं, आकडा क्लेममध्ये चपखल बसला, स्वारी खूश. उलटतपासणीत समोरचा वकील म्हणाला, दुप्पट पाणी घेतलं असतं तर? जास्त निकेलची पावडर धुतली की पृष्ठफळ वाढतं, हे मलाही ठाऊक होतं. काय बोलणार! १९९१ च्या ‘कॉन्टिनेंटल कॅन’ निकालाचं म्हणणं तेच: ‘होऊ शकतं’ पुरत नाही, व्हायलाच हवं.

पेपर जिथे गप्प आहे तिथे कमी-जास्त दोन्ही टोकांच्या बॅचेस काढा. सगळ्या क्लेममध्ये बसल्या तरच ‘अंगभूत’ लिहा. त्या लेखकाला तेव्हा हे माहीत होतं का, ते दाखवायची गरज नाही. २००३ च्या ‘शेरिंग’ निकालानं ती कटकट मिटवलीय.

तुमच्या पेपरात धुणं आहे का?

प्रायरआर्टवाली: आहे. ‘धुतले’. बस्स. आणि मसुदा शुक्रवारी हवाय.

भट्टीवाला: चार दिवसांत बॅचेस होत नाहीत. ऑब्व्हियसनेसचा मुद्दा (जुन्या माहितीवरून जाणकाराला हे सहज सुचलं असतं, हा) आधी लिहायला घ्या, आणि वकिलांना आजच फोन करून लॅबसाठी मुदत मागा.