वायरलेस इअरबड्स: सोनी की ॲपल?

बी-४०२: सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. मला वायरलेस इअरबड्स घ्यायचे असून सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ आणि ॲपलचे एअरपॉड्स प्रो २ यांत निर्णय होत नाही. फोन अँड्रॉइड आहे. रोजचा डोंबिवली-दादर प्रवास, लॅपटॉपवरच्या मीटिंगा आणि रात्री निवांत शास्त्रीय संगीत, असा वापर राहील. जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-७०१: फोन अँड्रॉइड आहे, इथेच निम्मा निकाल लागला. एअरपॉड्स अँड्रॉइडला जोडता येतात, परंतु कानात टिप (बडच्या टोकाचे मऊ टोपण) नीट बसली की नाही हे तपासण्याची सोय आणि बहुतेक सेटिंग्ज ॲपलच्याच उपकरणांवर मिळतात. सोनीचा एलडॅक हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो; आयफोनला तो चालत नाही, तुमच्या फोनला बहुधा चालेल. मी एक्सएम५ वापरतो आणि तानपुऱ्याचा झंकार इतका मोकळा मी आधीच्या कुठल्याही बड्सवर ऐकलेला नाही.

सी-१०३: ए-७०१च्या काकांशी थोडा मतभेद नोंदवते. यूट्यूबवरची जुनी मैफल ऐकायची असेल, तर फाइल लहान करण्यासाठी मुळातच दाबलेल्या आवाजात एलडॅक भर घालू शकत नाही. खरा फरक टिपेने पडतो. सोनी चार मापांच्या फोमच्या टिपा देते. तबल्याचे एखादे रेकॉर्डिंग लावून डग्ग्याकडे लक्ष द्यावे आणि घुमारा पोकळ वाटला, तर पुढचे माप लावून पाहावे. दोन्ही कानांना एकच माप लागते असेही नाही. माझे कान मात्र फोमने तासाभरात भरल्यासारखे होतात, म्हणून मी एअरपॉड्सच्या सिलिकॉन टिपांवर खूश आहे. अर्थात माझा फोन आयफोन आहे.

बी-४०२: धन्यवाद, ताई. नॉइज कॅन्सलेशनमुळे, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करण्याच्या सोयीमुळे, लोकलचा आवाज कितपत बंद होतो?

ए-७०१: डब्यातल्या पंख्यांची घरघर आणि चाकांचा खालच्या पट्टीतला धडधडाट बराच ओसरतो, कारण सतत एकसारख्या येणाऱ्या आवाजावर ते तंत्र उत्तम चालते. भोंगा, भजनी मंडळाचे टाळ आणि शेजारच्याचे फोनवरचे भांडण ऐकू येणारच. दादरच्या गर्दीत आवाज तुटू लागला, तर सोनीच्या ॲपमध्ये दर्जाऐवजी स्थिर जोडणीला प्राधान्य द्यावे.

डी-२०५: मीटिंगांविषयी सांगतो. लॅपटॉपने बड्सचा मायक्रोफोन घेतला की ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. बड्स बिघडले असे समजून दुकानात धाव घेऊ नये. घरात शांतता असेल, तर सेटिंगमध्ये लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडावा. नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून कंपनीच्या दाव्याप्रमाणे सोनी आठ तास चालतात, प्रो २ सहा. मॉडेल अनुक्रमे २०२३ आणि २०२२ची असल्याने सेलमध्ये भाव उतरतो, पण बॉक्सवरचा उत्पादनाचा महिना अवश्य पाहावा, कारण पडून राहिलेल्या बॅटरीचेही वय वाढते आणि या बॅटऱ्या घरी बदलता येत नाहीत.

बी-४०२: काका, सोनीकडे कल झुकला आहे, पण फोमची धास्ती वाटते. रविवारी सकाळी येऊन तुमचे लावून पाहू का?

ए-७०१: जरूर या. बॉक्समधल्या न वापरलेल्या टिपा काढून ठेवतो. तबल्याचे रेकॉर्डिंग मात्र तुमच्याच फोनवर आणा, म्हणजे त्यावर एलडॅक सुरू होतो की नाही तेही कळेल, आणि किमान तासभर बसा.